संस्कार, पाट आणि नोंदणी

केंद्र सरकारने २०२३ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र दाखल केलं. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता मिळावी या मागणीला त्यात विरोध होता, आणि त्या विरोधाचा मोठा भार कलमांपेक्षा वारशावर टाकलेला होता. भारतात विवाह हा पवित्र बंध आहे, हिंदूंमध्ये तर तो संस्कार आहे, आणि नवरा, बायको व त्यांची मुलं हीच भारतीय कुटुंबाची कल्पना आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात त्याला शेपूट जोडलं गेलं: ही सगळी मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे.

१८ एप्रिलला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुनावणी सुरू झाली. सुरुवातीलाच सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सांगून टाकलं की व्यक्तिगत कायद्यांना आम्ही हात लावणार नाही. काय विचार व्हायचा तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता होईल. व्यवहाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचं असेलही. पण त्यामुळे वारशाच्या मुद्द्याचा सोक्षमोक्ष लागला नाही. १७ ऑक्टोबरला निकाल लागला. लग्न करण्याचा असा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. निदान या जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता द्यावी, त्यांना मूल दत्तक घेता यावं, असं चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांचं मत पडलं. रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांनी तेही मानलं नाही. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

वारशाच्या त्या मुद्द्याची उलटतपासणी या पुस्तकात आहे. लग्नाचा आपला वारसा म्हणून जे सांगितलं जातं ते नेमकं कुणाचं, किती जुनं, आणि त्यावरून आजचा कायदा ठरवता येतो का? माझं उत्तर आधीच सांगतो. येत नाही. विरोधकांना येत नाही, तसं समर्थकांनाही येत नाही.

आधी ग्रंथ पाहू, कारण वादात पहिली धाव तिकडेच असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात एक श्लोक आहे. द्विजाने पुरुषाशी समागम केला तर त्याने अंगावरच्या वस्त्रांसह स्नान करावं, असं त्यात सांगितलं आहे. एवढंच वाचलं तर विरोधकाला वाटावं, सापडला निषेध. पण श्लोक तिथे थांबत नाही. स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या समागम केला तरी हेच प्रायश्चित्त आहे. म्हणजे ग्रंथकाराच्या लेखी दोन पुरुषांचा संबंध आणि नवऱ्याने भर दुपारी बैलगाडीत केलेला उतावीळपणा एकाच तोलाचे. त्याच मनुस्मृतीत कुमारिकेशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रीला मात्र क्रूर शिक्षा आहेत. तिथे राग आहे तो कौमार्य बिघडल्याचा. कौटिल्य अशा संबंधांना दंड सांगतो. कामसूत्रात एकमेकांवर विश्वास असलेल्या नागर पुरुषांचा उल्लेख येतो, तो निंदा न करता. एकाच संस्कृतीचे हे ग्रंथ एकमेकांशी पटवून घेत नाहीत, आणि घ्यावं अशी त्यांच्या कर्त्यांची अपेक्षाही नव्हती.

लग्नाचंही तसंच. स्मृतींनी विवाहाचे आठ प्रकार मोजले आहेत. त्यांत मुलगी पळवून नेणारा राक्षस विवाह आहे, झोपेत किंवा नशेत असलेल्या मुलीवर केलेल्या जबरदस्तीला विवाहाच्या यादीत बसवणारा पैशाच विवाह आहे, आणि दोघांनी आपसांत ठरवून, आईबापांना न विचारता केलेला गांधर्व विवाहही आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळं सविस्तर वाचायला मिळतं. तिथेच अर्कविवाह भेटतो: तिसरं लग्न अशुभ, म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे खरी बायको चौथी ठरते. मुलीला वैधव्ययोग असेल तर कुंभविवाह. कार्तिकात आपण तुळशीचं लग्न लावतो ते निराळंच. झाडाशी, घटाशी, देवाशी लग्न लावताना ज्या परंपरेला अडचण आली नाही, तिच्यात लग्नाची एकच अचल व्याख्या होती असं म्हणायला फार धीटपणा लागतो.

पण ग्रंथांतच घोटाळत राहिलं की महाराष्ट्रातला माणूस नजरेआड होतो. लग्न हा न तुटणारा संस्कार आहे, ही समजूत या प्रदेशातल्या बहुसंख्य लोकांची कधी नव्हतीच. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या मोजक्या जाती सोडल्या तर विधवेचं किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईचं दुसरं लग्न सर्रास होई. त्याला पाट म्हणत, काही भागांत मोहतूर. पाट बहुधा रात्री लागे, पहिल्या लग्नासारखा थाटमाट नसे, पण त्यातून झालेला संसार खरा मानला जाई. नवरा-बायकोचं पटलं नाही तर जातपंचायतीपुढे गवताची काडी मोडून मोकळं होता येई. काडीमोड हा शब्द आज शहरातले लोक घटस्फोटासाठी सहज वापरतात. त्यामागे एक पूर्ण प्रचलित, पंचांनी मानलेली पद्धत होती. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनेतल्या जातीजातींचे रिवाज गोळा केले आणि १८२७ साली ते छापून निघाले, त्यात पाट आणि काडीमोड जागोजागी आहेत. त्याच्याही आधी मराठी राज्यात पाटावर कर होता. त्याचं नाव पाटदाम. सरकार ज्या गोष्टीवर रीतसर कर बसवतं ती गोष्ट त्याला मान्य असते, हे वेगळं सांगायला नको. ब्राह्मण पेशव्यांच्या दफ्तरात शूद्र विधवेच्या लग्नाची जमा नोंदली जात होती, आणि त्याच काळात पुण्यातल्या ब्राह्मण विधवेचं केशवपन होत होतं. दोन्हीही आपलाच वारसा. प्रतिज्ञापत्रात त्यातला कोणता आला, ते उघड आहे.

इंग्रजी अमदानीत या गुंत्यावर कायद्याची कात्री चालली आणि गंमत अशी की बाहेरून आलेल्या गोष्टी आतल्या ठरल्या. रखमाबाईंचा खटला मराठी वाचकांना माहीत आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी मोठ्या झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. नवरा दादाजी भिकाजी मुंबईच्या हायकोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्याचा दावा फेटाळला. बायकोला जबरदस्तीने नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यावर आपल्याकडे काय झालं? केसरीत टिळकांनी नवऱ्याची बाजू घेतली. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली. धर्म म्हणून जे राखायचं होतं ते आलं होतं इंग्लंडहून! पुढे निकाल फिरला, रखमाबाईंवर तुरुंगात जायची पाळी आली, शेवटी पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. इंग्लंडने नांदवण्याचा हा दावा १९७० साली कायद्यातून काढून टाकला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आजही आहे.

भारतीय दंड विधानातलं ३७७ कलम हे याचंच भावंड. ते १८६० साली आलं, मेकॉलेच्या मसुद्याच्या परंपरेतून, इंग्लंडमधल्या जुन्या गुन्ह्याच्या कल्पनेवर बेतलेलं. इंग्लंडने १९६७ साली दोन प्रौढ पुरुषांमधला खासगी संबंध गुन्ह्यातून वगळला. आपल्याकडे त्याला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला, आणि मधल्या काळात हे कलम भारतीय संस्कृतीचं रक्षण करतं असं अनेक धर्मांच्या पुढाऱ्यांनी एका सुरात सांगितलं. एरवी ही मंडळी एका व्यासपीठावर क्वचितच दिसतात.

महाराष्ट्राने लग्नाच्या बाबतीत केलेलं सगळ्यात धाडसी काम मात्र कायद्याची वाट न बघता झालं. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं लग्न लागलं. वधूवरांनी एकमेकांना वचनं द्यायची, मंगलाष्टकं मराठीत म्हणायची, मध्ये कुणी दलाल नको. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी अशी लग्नं लावली तेव्हा गावच्या जोशांनी कोर्टात दावा लावला. लग्न बेकायदा आहे एवढीच त्यांची तक्रार असती तर समजण्यासारखं होतं. पण त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला बोलावलं नाहीत तरी आमची दक्षिणा आम्हाला मिळाली पाहिजे. परंपरेच्या रक्षणामागे पोटापाण्याचा हिशेब कसा दडलेला असतो, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

स्वातंत्र्यानंतर १९५५ चा हिंदू विवाह कायदा झाला, तो आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलाचे तुकडे करून. त्या बिलाच्या वेळीही संस्कृती बुडण्याची भाषा झाली होती, आणि त्याची गत पाहून आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं होतं. १९५५ च्या कायद्याने एकपत्नीत्व सक्तीचं केलं आणि घटस्फोट आणला. संस्कार शब्दाचा शास्त्रीय अर्थ खरोखर पाळायचा तर तो तिथेच संपला, कारण संस्कार सोडवता येत नाही. १९७६ पासून तर दोघांनी संमतीने अर्ज केला की सुटका होते. संस्कार म्हणून ज्याची ग्वाही दिली जाते ते लग्न सत्तर वर्षांपासून मोडता येणारा करार आहे, आणि त्याबद्दल आता कुणाची तक्रार नाही. याच कायद्याने रिवाजाने होणारा काडीमोडही शाबूत ठेवला, हे अनेक वकिलांनाही चटकन आठवत नाही.

पण विधींचं काय? त्यांचा उपयोग कायद्याने कसा केला ते पाहायचं तर ‘भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९६५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. पहिली बायको असताना एका माणसाने दुसरं लग्न केलं. ते गांधर्व पद्धतीचं होतं: माळा घातल्या, वधूच्या वडिलांनी दोघांच्या कपाळाला कपाळ लावलं, झालं. भटजी नाही, होम नाही. खालच्या कोर्टांनी त्याला द्विभार्येबद्दल दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. होम आणि सप्तपदी झाली नाही, ती नको असा रिवाजही सिद्ध झाला नाही, म्हणून दुसरं लग्न झालंच नाही, आणि झालंच नाही तर गुन्हा कुठला! गावाने लग्न मानलं होतं, बाई संसाराला आली होती, पण अग्नीभोवतीची सात पावलं कमी पडली. त्या दुसऱ्या बाईच्या पदरात काय पडलं, याचा विचार त्या चौकटीत बसत नव्हता. वारसा कायद्याच्या हाती दिला की त्याचं असं होतं.

आता दुसरी बाजू. समलिंगी विवाहाचे समर्थकही इतिहासातून परवानगी काढायला जातात आणि हात हलवत परत येतात, असं माझं मत आहे. खजुराहोच्या भिंती, शिखंडी, बृहन्नडा, मोहिनी, कृत्तिवासाच्या बंगाली रामायणातली दोन राण्यांपोटी जन्मलेल्या भगीरथाची कथा: ही यादी आता इतकी पाठ झाली आहे की ती ऐकताना मन कुठेच अडत नाही. आपल्याकडे विराण्या आणि गौळणी पुरुष संतांनी बाईच्या आवाजात लिहिल्या, शेकडो वर्षं पुरुष टाळ घेऊन त्या गातात. या सगळ्यातून एक गोष्ट नक्की कळते: इथल्या कल्पनाशक्तीने स्त्री आणि पुरुष यांच्यामधली भिंत पक्की बांधली नव्हती. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली संपादित केलेल्या ग्रंथाने हे पुराव्यानिशी दाखवलं आणि ते काम मोठं आहे. पण कल्पनेतली मोकळीक म्हणजे दोन पुरुषांना एका घराचा वारस होऊ देणं नव्हे. जोगते, मुरळ्या यांचं देवाशी लग्न लागलं म्हणून समाजाने त्यांना कधी सुखाने जगू दिलं नाही. पुराणातलं मोठेपण त्यांच्या ताटात पडलं नाही.

त्यापेक्षा मला जवळचा वारसा महत्त्वाचा वाटतो. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून निघू लागलं. वाचक आपल्या शरीराबद्दलचे प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्न होते. कर्व्यांनी शास्त्र काय सांगतं ते शांतपणे सांगितलं, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला नको का, असा त्यांचा साधा सवाल होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली, बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात बसून मराठीत या विषयावर पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. ही परंपरा शंभर वर्षांची आहे आणि मराठीत आहे. तिला शहरी उच्चभ्रू म्हणायचं तर कर्व्यांचे ते प्रश्नकर्ते कोण होते, हे आधी विचारायला हवं.

आणि लोक लग्नं लावतच आले आहेत. १९८७ साली मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी हिंदू पद्धतीने लग्न केलं. त्या बातमीने देश हादरला आणि दोघींची नोकरी गेली. त्या कुठल्या उच्चभ्रू वस्तीतल्या नव्हत्या. तमिळनाडूत एका पुरुषाचं आणि एका तृतीयपंथी स्त्रीचं लग्न देवळात लागलं, पण निबंधकाने नोंद करायला नकार दिला. मद्रास हायकोर्टाने २०१९ च्या एप्रिलमध्ये निकाल दिला की हिंदू विवाह कायद्यातल्या वधू या शब्दात तृतीयपंथी स्त्रीही येते. त्या निकालात महाभारताचे दाखले आहेत. २०२३ च्या घटनापीठानेही हा मुद्दा मान्य केला: तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री-पुरुष अशा जोडीत आजच्याच कायद्याखाली लग्न करता येतं. अडलं आहे ते पुढच्या पावलावर.

गोव्याचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे. गोव्यात लग्नाची नोंदणी सर्वांना सक्तीची आहे, आणि तिथला विवाहाचा कायदा पोर्तुगालने १९१० साली केलेला. विवाह म्हणजे भिन्नलिंगी दोघांमधला करार, अशी त्यात व्याख्या आहे. ज्या पोर्तुगालने ती व्याख्या लिहिली त्याने बरोबर शंभर वर्षांनी, २०१० साली, ती बदलली आणि समलिंगी विवाह मान्य केला. कॅथलिक देश, चर्चचा विरोध, तरीही. म्हापशाच्या निबंधकाकडे मात्र लिस्बनने टाकून दिलेली व्याख्या अजून चालू आहे. उत्तरेला नेपाळ. बहुसंख्य हिंदू, चालीरीती आपल्यासारख्याच. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर त्याच वर्षी नोव्हेंबरात लमजुङ जिल्ह्यात अशा पहिल्या लग्नाची नोंद झाली. बौद्ध थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. धर्म आडवा आला म्हणून झालं नाही, हे कारण फार काळ पुरणारं नाही.

मग प्रश्न नेमका कसला आहे? महाराष्ट्रात लग्नाची नोंद करायला गेलं की एक अर्ज भरावा लागतो. त्यात वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचे फोटो, लग्न लावणाऱ्या पुरोहिताची माहिती, तीन साक्षीदार. या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहतं: इस्पितळात शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं, पेन्शन कुणाला, भाड्याचं घर कुणाच्या नावे चालू राहणार, प्रेत कुणाच्या ताब्यात द्यायचं. हिंदू वारसा कायद्यात अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर आधी आई, ती नसेल तर वडील, मग भावंडं, असा क्रम लागतो. तीस वर्षं एका छताखाली राहिलेला जोडीदार त्या यादीत कुठेच नाही, दूरचा चुलतभाऊ आहे. या रकान्यांना मनू किंवा खजुराहो उत्तर देऊ शकत नाहीत. ते उत्तर संसदेने द्यायचं आहे. अंतरपाट धरायचा की नाही, होम करायचा की नाही, भटजी यायला तयार आहे की नाही, हे ज्या त्या घराने, देवळाने, चर्चने पाहावं. कायद्याने कुणा पुरोहितावर सक्ती करू नये, आणि पुरोहिताने निबंधकाच्या कचेरीत लुडबुड करू नये.

या संग्रहातल्या काही लेखकांना माझं हे म्हणणं पटणार नाही. वारसा असा सहज सोडून दिला तर तो विरोधकांच्याच ताब्यात जाईल, असं त्यांतल्या दोघांनी आग्रहाने मांडलं आहे, आणि त्यांचे लेख मी वगळावेत असं मला एकदाही वाटलं नाही. धर्मश्रद्ध माणसालाही इथे जागा दिली आहे. विरोध करणाऱ्यांचे दोन लेख आहेत. त्यांतला एक मला अजून अस्वस्थ करतो, कारण तो प्रामाणिक आहे.

निकालानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. २०२४ साली काही खुलासे निघाले: अशा जोडप्याला संयुक्त बँक खातं उघडता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल, एका शिधापत्रिकेवर नावं घालता येतील. हे थोडं आहे, पण बँकेच्या खिडकीवर दाखवता येईल असं आहे. वाचकांपैकी ज्यांना लागू असेल त्यांनी जरूर वापरावं. आणि कायदा होईल तेव्हा होईल, तोवर मृत्युपत्र करून ठेवा. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर आपली सही आणि तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ज्याला द्यायचं त्याला मात्र साक्षीदार करू नका.